उघड्या गाडीच्या बत्तीस खोडी

नानांनी गाडी विकायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी मला समोर बसवून तिच्या खोडी लिहून घेतल्या. नाना म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या पुढे, डोळे जवळजवळ गेलेले, पण आवाज असा की आग्रा रोडवरच्या ट्रकवाल्यानंही मागे वळून बघावं. धुळ्यात त्या रोडला लागून त्यांची पत्र्याची शेड. तिथे त्यांनी सगळी हयात गाड्यांचं डेंटिंग केलं, म्हणजे ठोकलेल्या, चेपलेल्या, सडलेल्या पत्र्याला पुन्हा माणसात आणलं. मी वही घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि ते गाडीला हात लावत लावत तिच्याभोवती फिरत होते. बोटाच्या पेरानं ठोकायचे, कान द्यायचे, मग सांगायचे.

"लिख. पुढला डावा मडगार्ड, खालतीन सडेल शे."

मी जळगावला एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात आहे. कागद कसा लिहावा हे मला कुणी शिकवायला नको. मी म्हटलं, "नाना, जाहिरातीत आधी चांगलं लिहितात. दुर्मिळ आहे, विलायती आहे, उघड्या टपाची आहे. सडलेलं मागून सांगू."

"खोड पहिले सांगानी," नाना म्हणाले. "गिऱ्हाईकनी शोधी काढी, त ती खोड नही ऱ्हास, लबाडी व्हई जास."

हे त्यांच्या वडिलांकडून आलेलं. ते शिंदखेड्याकडचे. स्वतःची जमीन नाही, दुसऱ्याच्या शेतात मजुरी, पण बैलाची पारख अशी की मोठमोठे शेतकरी बाजाराला जाताना त्यांना सोबत न्यायचे. बाजारात खानदानी विकणारा कोण, तर जो दावं हातात देण्याआधी सांगतो की हा उजवीकडून मारतो, हा भर दुपारी बसकण मारतो. असं ऐकूनही ज्यानं बैल घेतला, तो मग वर्षभरानं भेटला तरी रामराम करतो. नानांनी गाड्याही तशाच विकल्या आणि दुरुस्तही तशाच केल्या. धंदा म्हणून ही रीत मला कधी पटली नाही. माणूस म्हणून मात्र मी मनातल्या मनात कितीदा त्यांच्या पाया पडले असेन. तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण आमच्या दोघांचं एक जुनं बिनसलेलं होतं. ते पुढे सांगते.

विकायचं कारण साधं होतं. सासूबाई गेल्यापासून नाना धुळ्यात एकटे राहत होते. डोळ्यांमुळे आता ते शक्य नव्हतं, त्यांना आम्ही जळगावला आणणार होतो. शेड ज्या जागेत होती तिथे मालकाला दुकानांचे गाळे काढायचे होते, मार्चअखेर रिकामी करून हवी होती. हत्यारं वाटून झाली. गाडी उरली. आमच्या जळगावच्या घरासमोर दोन स्कूटर उभ्या करायचीही पंचाईत. नानांची अट एकच होती: गाडी अख्खी जायला हवी आणि ती पुन्हा चालवणाऱ्याकडेच जायला हवी. भंगारात नाही, तुकड्यांत नाही, शोभेलाही नाही. तसा माणूस मार्चअखेरपर्यंत मिळाला नाही तर काय, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि आम्ही बोललो नव्हतो. पण रोज सकाळी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न तोच असायचा, कुनाचा फोन उना का?

गाडी स्वातंत्र्याच्या आसपासची. दोन दारं, लांबलचक नाक, पुढे दोन सीटा, मागे एक अरुंद बाक. वर छप्पर नाही. ऊन-पावसासाठी ओढून घ्यायचा कापडी टप होता, त्याची चाळणी झालेली. मूळ मालक एक कापसाचा जिनिंगवाला. नाना सोळा-सतरा वर्षांचे असताना, नुकते पत्र्याचं काम शिकत होते तेव्हा, या गाडीच्या दाराचा पोचा काढायला त्यांना जिनमध्ये बोलावलं होतं. पोचा असा काढला की मालकाला तो कुठे होता तेही सापडेना. त्यानं चहा दिला, वेगळ्या कपात. नाना म्हणाले, दार नीट बसतंय का ते आत बसून बघतो. मालक म्हणाला, आत नको, बाहेरूनच बघ. नाना ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यात राग नसतो. "त्यानी गाडी व्हती," त्याची गाडी होती, एवढंच म्हणतात. राग मला येतो. त्यांच्या वाटचा तो मीच सांभाळून ठेवला आहे.

पुढे जिन बंद पडलं, गाडी सरकीच्या पोत्यांमागे वर्षानुवर्षं पडून राहिली आणि वारसांनी ती भंगारात काढली. नानांनी भंगाराच्याच भावानं घेतली आणि ट्रॅक्टरला बांधून शेडमध्ये आणली. मग तीन वर्षं, दिवसभर लोकांच्या ट्रकचं काम झालं की संध्याकाळी हिच्याजवळ. सुटे भाग मिळणं अशक्य, म्हणून सगळं हातानं. पाण्याच्या पंपाचा पाइप, ट्रकच्या बिजागऱ्या, शिलाई मशीनची स्प्रिंग, जे बसेल ते बसवलं. पण मूळचा काढलेला एकेक तुकडा फेकला नाही. धोतराच्या फडक्यात गुंडाळून, ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून पत्र्याच्या डब्यांत ठेवला. असे चौदा डबे शेडच्या माळ्यावर होते. आमचे हे म्हणतात की त्यांच्या लहानपणी घरात गोडं तेल संपायचं, पण डब्यांतलं ग्रीस कधी संपलं नाही.

गाडी चालू लागली आणि लग्नांत फिरू लागली. धुळ्यापासून दोंडाईचापर्यंत कितीतरी नवरदेव तिच्या मागच्या बाकावर, दुमडलेल्या टपावर टेकून, सगळ्या गावाला दिसतील असे मिरवले. आमची वस्ती, पाटलांची आळी, असा भेद नानांनी ठेवला नाही. त्यात माझंही लग्न आलं, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. दहा-बारा वर्षांपूर्वी गिअरबॉक्स बसला, तोवर लोकांना लाइटवाले रथ आवडू लागले होते, आणि गाडी ताडपत्रीखाली गेली.

तर यादी एकतीस खोडींची झाली. जाहिरात मी मोबाइलवर टाकली, खाली यादी जशीच्या तशी. फोन आले ते आधी हसायलाच आले असावेत. एकानं विचारलं, "ताई, तुम्हाला गाडी विकायची आहे की कोर्टात द्यायची आहे?"

तेव्हा मी एक शहाणपणा केला. माणसं बघायला येणार, तर गाडी जरा बरी दिसावी. बैल बाजारात नेताना शिंगं रंगवतातच की, त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. शेजारच्या गॅरेजच्या पेंटरला मी गाठलं आणि नाना दुपारी पडले असताना बॉनेटवर लाल रंग मारायला सांगितला. उजवी बाजू झाली, डावीवर फवारा धरणार तोच आतून काठीचा आवाज. नानांना थिनरचा वास आला होता.

"रंग कोनी लाया?"

पेंटरनं माझ्याकडे बोट दाखवलं. नानांना ते दिसलं नाही, पण मी गप्प होते यावरून त्यांना समजलं असावं, कारण एरवी मी गप्प नसते. ते पेंटरला म्हणाले की बैलाची शिंगं पोळ्याला रंगवतात, विकायच्या दिवशी नाही. मग मला म्हणाले, "वही ली ये. लिख. बत्तीस. बॉनेटनी उजवी बाजू, सुननी रंगाई."

मी लिहिलं. माझ्याच हस्ताक्षरात माझीच खोड. घरी जळगावला परतताना एसटीत मी इतकी धुमसत होते की पारोळा कधी आलं कळलं नाही. नंतर समजलं की जुन्या गाड्यांच्या शौकिनांना मूळचा उडालेला रंगच प्यारा असतो, त्या लाल फवाऱ्यानं मी किंमत वाढवण्याऐवजी घालवलीच होती. नानांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त झाकलेलं आवडत नव्हतं.

तरी गिऱ्हाइकं आली. इंदूरच्या एकाला नुसतं इंजिन हवं होतं, त्याला नानांनी चहा पाजून वाटेला लावलं. मुंबईच्या एका हॉटेलवाल्याला ती दर्शनी भागात ठेवायची होती, त्यालाही चहा. मग नाशिकचे एक आले, खरोखर गाडी उभी करणारे. त्यांनी सगळी यादी मान्य केली, भावही चांगला सांगितला आणि जाता जाता म्हणाले, "मागचं हे डावीकडचं दार मूळचं नाही, कुणीतरी नंतर कापलंय. ते मात्र आम्ही बंद करणार."

"मंग ऱ्हाऊ द्या," नाना म्हणाले.

तसंच पुन्हा एकदा झालं. औरंगाबादहून आलेल्या बापलेकांनी दाराचा विषय काढला आणि नानांनी सौदा तिथेच मोडला. मला काही समजेना. मागच्या बाकाशी डाव्या अंगाला एक लहानसं दार आहे, खाली एक पायरी आहे, हे मी माझ्या लग्नापासून बघत आले होते. मला ते गाडीसोबतच आलेलं वाटायचं. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "नाही, ते नानांनीच नंतर केलं. आपल्या लग्नाच्या सुमाराला. मी तेव्हा नोकरीवर होतो. बायकांना चढायला सोपं म्हणून केलं असेल, धंद्यासाठी." मार्च उजाडला होता. मी नानांना फोनवर चांगलंच सुनावलं. म्हटलं, एका दारापायी गाडी भंगारात घालणार आहात का? ते म्हणाले, "देखू."

आता ते जुनं बिनसलेलं सांगते. मला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायात गुडघ्यापर्यंत पट्ट्यांचा बूट असतो. चालते, जिने चढते, गर्दीच्या एसटीतही चढते, इतरांपेक्षा वेळ लागतो एवढंच. मला तिटकारा आहे तो एका गोष्टीचा, कुणी उचलण्याचा. शाळेच्या सहलीत, विहाराच्या पायऱ्यांवर, मामांनी, काकांनी, हौशी अनोळखी माणसांनी मला इतक्यांदा उचललं आहे की मोठी झाल्यावर मी ठरवून टाकलं, आता मरेपर्यंत नाही. लग्न ठरलं तेव्हा नाना जळगावला आमच्या घरी आले. आमच्या ओट्याला चार पायऱ्या. मी दारात उभी होते. नानांनी मला अंगणातल्या माठातून पाणी आणायला सांगितलं. मी उतरले, चढले. पाणी पिऊन झालं, तर म्हणाले, आणखी एक तांब्या आण. पुन्हा उतरले, चढले. दोन्ही वेळा त्यांची नजर माझ्या पायांवर होती, चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. निघताना चपलेचा अंगठा नीट करायला म्हणून पायरीजवळ बराच वेळ उकिडवे बसले.

माझ्या मनात एकच आलं: बाजारात बैल चालवून बघतात तसं मला चालवून बघितलं. खोड पाहून घेतली. लग्न मोडावंसं वाटलं मला. आईनं समजूत घातली, मुलगा चांगला होता, लग्न झालं. नानांनी मला कधी एक वाकडा शब्द ऐकवला नाही, पण ते दोन तांबे पाणी मी विसरले नाही. त्यांच्या हातातली कला मी बघत होते, त्यांचा सरळपणा बघत होते, त्यांना जीवही लावत होते, आणि तरी आत कुठेतरी ती दुपार तशीच बसलेली होती.

मार्चच्या मध्यावर पुण्याहून एक बाई आल्या. चाळिशीच्या, जुन्या गाड्या नव्यानं उभ्या करायचं त्यांचं स्वतःचं वर्कशॉप. आल्या त्या डंगरी घालूनच. नमस्कार-चमत्कार झाला आणि पोतं अंथरून सरळ गाडीखाली शिरल्या. तासभर आम्हाला त्यांचे फक्त बूट दिसत होते. नाना खुर्चीत बसून त्यांच्या हत्यारांचे आवाज ऐकत होते. मध्येच माझ्याकडे कलून म्हणाले, "हाई पोर काम जानस."

बाहेर आल्यावर त्यांनी खिशातून चुंबक काढला आणि पत्र्यावर फिरवू लागल्या. मी विचारलं, हे कशाला? त्या म्हणाल्या, "सडलेल्या जागी पुट्टी भरून वर रंग मारला असेल तर तिथे चुंबक धरत नाही. जुनी गाडी म्हटली की अर्धी पुट्टीच असते." त्यांनी सगळी गाडी फिरून पाहिली. चुंबक सगळीकडे धरत होता. शेवटी तो मुठीत घेऊन त्या नानांसमोर जमिनीवरच बसल्या. "नाना, एवढ्या गाड्या उघडल्या मी, पण पुट्टीचा एक ठिपका नाही अशी पहिलीच बघते. सगळा पत्रा पत्र्यालाच जोडलाय. आणि जोड हाताला लागत नाही."

"बठ्ठा पत्राच शे," नाना म्हणाले. "पुट्टी मी कधी लाई नही." एवढं म्हणून त्यांनी मान दुसरीकडे वळवली. डोळ्यांतलं पाणी मला दिसू नये म्हणून असेल. मला दिसलं. मला त्या घटकेला त्यांचा इतका अभिमान वाटला की तो पेंटरही तिथे हवा होता असं वाटलं.

माळ्यावरचे डबे खाली आले. एकेक फडकं सुटलं तशा त्या बाई हात पुसून एकेक तुकडा उचलून बघू लागल्या. मूळचा दिवा, मूळची किल्ली, मूळचं घड्याळ, सगळं ग्रीसमध्ये जिवंत. त्या म्हणाल्या, "मी घेते. चालवण्यासाठीच घेते. आणि ही यादी फ्रेम करून वर्कशॉपमध्ये लावते, अशी यादी मला आजवर कुणी दिली नाही." मग यादीवर पुन्हा नजर टाकून म्हणाल्या, "फक्त यात एक राहिलंय. हे मागचं दार."

मी डोळे मिटून घेतले.

"ती खोड नही," नाना म्हणाले.

बाई समजुतीनं सांगू लागल्या. छपराच्या गाडीला छपराचा आधार असतो. उघड्या गाडीचा सगळा जोर या दोन बाजूंच्या पत्र्यात. एक बाजू कापली की गाडी मधून वाकते. ती थोडी वाकलीही आहे, म्हणून पुढचं डावं दार घासतं. रस्त्यावर जोरात चालवायची तर हे बंद करावंच लागेल.

"माले ठाऊक शे," नाना म्हणाले. "दार मीच कापं. पन ती खोड नही."

माझा तोल गेला. "कमाल करता नाना! मी रंग मारला तर ती खोड, माझ्याच हातानं लिहून घेतली. आणि तुम्ही अख्ख्या गाडीची कंबर कापलीत ती खोड नाही? पंधरवड्यावर जागा सोडायची आलीय. आता यांनाही चहा पाजून परत पाठवणार का?"

नाना काठी घेऊन उठले आणि चाचपडत शेडबाहेर, बाजेवर जाऊन बसले.

बाई मात्र दाराशी गेल्या होत्या. ते उघडत होत्या, मिटत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, विचित्र आहे. या माणसानं सगळ्या गाडीत मूळचा वीतभर पत्रा वाया जाऊ दिला नाही. तो उगाच इथे कात्री चालवणार नाही." त्यांनी टेप काढून पायरी मोजली. "नऊ इंच. गाडीला इतकी खाली पायरी कुणी लावत नाही, प्रत्येक खड्ड्यात घासणार. आणि ही धरायची मूठ मागच्या अंगाला आहे, म्हणजे चढणाऱ्याच्या उजव्या हाताला. तळाशी ही पट्टी बघा, आत ठेवलेला पाय सरकू नये म्हणून. हे लग्नाच्या धंद्यासाठी नाही केलेलं. हे कुणा एकाच माणसाच्या मापानं केलंय. उजवा पाय आधी टाकून, उजव्या हातानं अंग वर ओढून घेणारा माणूस. डाव्यावर भार न देणारा."

बोलता बोलता त्यांची नजर माझ्या बुटावर गेली आणि त्या थांबल्या.

आमच्या जळगावच्या ओट्याची पायरी नऊ इंचांची आहे. मी ती मोजलेली नाही, पण माझा पाय ती ओळखतो. मला ते दोन तांबे आठवले. नाना माझ्या पायांकडे का बघत होते, पायरीजवळ उकिडवे बसून हातानं काय करत होते, ते सगळं एकदम उलगडलं. ते खोड बघत नव्हते. ते माप घेत होते. लग्नाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, वरात निघायची वेळ झाली, तेव्हा माझे मामा बाह्या सरसावून पुढे आले होते, नवरीला उचलून गाडीत बसवायला. मी त्यांना हातानं थांबवलं होतं. समोर एक लहानसं दार उघडं होतं, खाली पायरी होती. मी मूठ धरली आणि सगळ्या लोकांसमोर आपली आपण चढून बसले. त्या दिवसाचा मला एवढाच आनंद आठवतो, आणि तो मला कुणी दिला हे मी सत्तावीस वर्षांत विचारलं नाही.

मी बाहेर गेले. बाजेवर त्यांच्याजवळ बसले.

"नाना, ते दार माझ्यासाठी केलं होतं?"

"कोनी सांगं?"

"त्या बाईंनी. मोजून."

"कितला भरना? नऊ?"

"नऊ."

"बराबर शे," नाना म्हणाले, आणि काम पसंत पडलेल्या कारागिरासारखे हसले.

मला रडू आवरेना. रडतानाही मी भांडतेच. म्हटलं, "मग मला सांगितलं का नाही? इतकी वर्षं मी मनात काय धरून बसले होते तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत शे. तू त्या दिनपासून माले पानी बिगर मांगता देस नही," ते म्हणाले. "पन सांगं अस्तं, त तू त्या दारमातीन चढती का?"

नसते चढले. कुणी आपल्यासाठी गाडी कापली असं कळलं असतं तर मी हट्टानं वरातभर पायी चालले असते. या माणसानं मला किती आधीच ओळखलं होतं, आणि ओळखून गप्प राहिला होता.

"आणि ते नाशिकवाले? त्यांना का परत पाठवलंत?"

"दार तुनं शे," नाना म्हणाले. "तुले इचाऱ्याबिगर कोनाले बंद करू देऊ? आन तुले इचारनं म्हंजे बठ्ठं सांगनं पडतं."

मी पदरानं तोंड पुसलं. आत जाऊन बाईंना विचारलं, दार बंद केलं तर गाडी नक्की धावेल? त्या म्हणाल्या, नव्यासारखी. परत येऊन मी नानांचा हात धरला. त्या हाताची बोटं पत्र्यानं इतक्या ठिकाणी चिरलेली आहेत की ती सरळ होत नाहीत. म्हटलं, "नाना, मी सांगते. माझं दार आहे ना? मग बंद करू द्या त्यांना. गाडी चालली पाहिजे."

गाडी पुढच्याच आठवड्यात पुण्याला गेली, दार बंद झाल्याचे फोटोही मागून आले. पण त्या दिवशी बाजेवर नाना काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढत राहिले. मला वाटलं, त्यांना गाडी जाण्याचं वाईट वाटतंय. त्यांनी तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला वळवलं. कपाळाला आठी पडली होती, काम अडल्यावर पडायची तशी.

"मंग तू कशी बसशी?" त्यांनी विचारलं.